बदलत्या ब्लेडचा वस्तरा कसा निवडायचा: आधी ब्लेड, मग तोंड, शेवटी मूठ

ब्लेड बदलता येणारा वस्तरा घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण मुठीपासून सुरुवात करतात. लाकडी छान दिसेल की पोलादी, वजनदार घ्यावा की हलका. मग वस्तरा घरी येतो, जे ब्लेड हाताशी असेल ते त्यात बसवलं जातं, पहिल्याच दिवशी हनुवटीखाली दोन चिरा पडतात आणि तो कायमचा कपाटात जातो. लोक म्हणतात वस्तरा वाईट होता. बऱ्याचदा वस्तरा ठीकच असतो, निवडीचा क्रम चुकलेला असतो.

धार लावायच्या जुन्या वस्तऱ्यात पातं आणि वस्तरा एकच असतो. इथे तसं नाही. इथे वस्तरा म्हणजे फक्त पकड, आणि चेहऱ्याला लागतं ते ब्लेड. त्यामुळे कोणतं ब्लेड लावणार, ते वस्तऱ्याच्या तोंडातून, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या भागातून, किती बाहेर येणार आणि किती घट्ट बसणार, या तीन गोष्टी आधी ठरवायच्या. बाकी सगळं त्यांच्या मागून येतं.

पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. दुसरा टप्पा होण्याआधी खरेदी करू नका.

टप्पा १: आपली दाढी समजून घ्या

दोन दिवस दाढी वाढू द्या. मग कोरड्या गालावरून, जबड्यावरून, गळ्यावरून बोटं चारही दिशांनी फिरवा. ज्या दिशेने बोट गुळगुळीत सरकतं ती केसांची दिशा, आणि जिथे खरखरून अडतं ती उलटी. गालावर ही दिशा साधारण वरून खाली असते. गळ्यावर मात्र काहींचे केस आडवे जातात, काहींचे खालून वर येतात, आणि घाटीच्या आजूबाजूला तर भोवरासुद्धा असू शकतो. कागदावर चेहऱ्याची साधी आकृती काढून त्यावर बाण मारून ठेवा. हा कागद आठव्या टप्प्यात लागणार आहे.

आता चार प्रश्नांची उत्तरं लिहा:

- केस राठ आहेत की मऊ? हनुवटीवरचे खुंट गालापेक्षा जाड असतातच, पण किती जाड?
- दाढी रोज करता की तीन-चार दिवसांनी?
- सगळा चेहरा साफ करायचा आहे, की मिशी, कल्ले, दाढीच्या कडा कोरायच्या आहेत?
- त्वचा लगेच लाल होते का? केस आत वळून पुटकुळ्या येतात का?

तिसऱ्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि निवड खरं तर तिथेच फिरते. फक्त कडा कोरायच्या असतील तर आखूड ब्लेड आणि बारीक तोंड हवं. सगळा चेहरा रोज करायचा असेल तर जाड, ताठ ब्लेड जास्त सुखाचं.

सावधान: रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, हात थरथरत असेल किंवा जखमेच्या जागी जाड, उंच व्रण उठण्याची प्रवृत्ती असेल तर उघड्या धारेचा वस्तरा घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. चेहऱ्यावर पू धरलेले फोड असतील तर ते बरे होईपर्यंत थांबा.

टप्पा २: ब्लेडची जात ठरवा

इथे घाई करू नका. सगळ्या निवडीत हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. बाजारातले बहुतेक वस्तरे तीनपैकी एका जातीचं ब्लेड घेतात.

पहिली जात म्हणजे अर्धं दुधारी ब्लेड. सेफ्टी रेझरमध्ये वापरतात तेच दोन्हीकडे धार असलेलं ब्लेड मधोमध मोडायचं आणि एक अर्धा भाग वस्तऱ्यात बसवायचा. अख्खं ब्लेड साधारण 43 मिलिमीटर लांब आणि 22 मिलिमीटर रुंद असतं, जाडी जेमतेम 0.1 मिलिमीटर. आधीच अर्धी केलेली ब्लेडही पाकिटात मिळतात. फायदा उघड आहे: ब्लेड स्वस्त, जवळपास सगळीकडे मिळणारं, आणि निरनिराळ्या कंपन्यांचं घेऊन बघता येणारं. वस्तरेही याच जातीचे सर्वांत जास्त आहेत.

पण हे ब्लेड मुळात दुसऱ्या कामासाठी घडवलेलं आहे. सेफ्टी रेझरमध्ये ते वाकवून, धारेच्या अगदी जवळ दाबून धरलेलं असतं, आणि त्या वाकामुळे त्याला ताठपणा येतो. वस्तऱ्यात ते सपाट असतं. पकड सैल असेल किंवा धारेपासून लांब असेल तर राठ केसांत शिरताना ते थरथरतं, आणि ही थरथर म्हणजेच ओढल्यासारखं वाटणं. शिवाय त्याचे कोपरे तीक्ष्ण असतात. नवख्यांना होणाऱ्या बारीक जखमा बहुतेक वेळा या कोपऱ्यांमुळे होतात, मधल्या धारेमुळे क्वचित.

दुसरी जात आर्टिस्ट क्लब ब्लेडची. फेदर या जपानी कंपनीच्या आर्टिस्ट क्लब वस्तऱ्यांवरून हे नाव पडलं आहे. हे ब्लेड एकाच बाजूने धारेचं आणि लांब असतं, आणि जाडीला दुधारी ब्लेडच्या दुपटीपेक्षा जास्त. वस्तऱ्यासाठीच घडवलेलं असल्यामुळे ते वाकत नाही आणि धारही जास्त दाढ्या टिकते. या जातीतही प्रकार आहेत. फेदरचं 'प्रोफेशनल लाइट' मऊ दाढीसाठी, 'प्रो सुपर' राठ दाढीसाठी आणि जास्त बाहेर येणारं, तर 'प्रोगार्ड'च्या धारेवर संरक्षक अडसर असतो. काई कंपनीची 'कॅप्टन' मालिकेतली ब्लेडही याच वस्तऱ्यांत बसतात आणि त्यांतलं 'टायटन माइल्ड' बऱ्याच जणांना सौम्य वाटतं. अडचण एकच: ब्लेड महाग, आणि सगळीकडे सहज मिळत नाही.

तिसरी जात लांब हेअर शेपर ब्लेडची. केस कापायच्या वस्तऱ्यांसाठीची ही ब्लेड काही दाढीच्या वस्तऱ्यांतही बसतात. ती ताठ आणि लांब असतात, पण दाढीसाठी निवड कमी. हाताशी असा वस्तरा आधीपासून असेल तर जरूर वापरा, नवा घेताना मात्र मी पहिल्या दोन जातींतच निवडायला सांगेन.

माझं मत स्पष्ट आहे. सगळा चेहरा करायचा आहे, त्वचा नाजूक आहे आणि आर्टिस्ट क्लब ब्लेड नियमित मिळतंय, तर त्याच जातीचा वस्तरा घ्या आणि सौम्य ब्लेडपासून सुरुवात करा. फक्त कडा कोरायच्या असतील, किंवा वस्तरा आपल्याला जमतो का एवढंच बघायचं असेल, तर अर्धं दुधारी पुरेसं आहे. स्वस्त आहे म्हणून अर्ध्या ब्लेडचा वस्तरा घ्यायचा आणि त्यावरून वस्तऱ्याची दाढी आपल्यासाठी नाही असा निष्कर्ष काढायचा, हे मात्र करू नका.

सावधान: कंपनीचं नाव म्हणजे ब्लेडची जात नाही. फेदर कंपनी दुधारी ब्लेडही बनवते आणि आर्टिस्ट क्लब ब्लेडही. 'फेदर वस्तऱ्यासाठी फेदर ब्लेड' एवढं बघून मागवलं की चुकीचं पाकीट हातात पडतं. त्याच कंपनीचा मान आणि अंगावरच्या केसांसाठीचा छोटा रेझर आहे, त्याचं ब्लेड तिसरंच. पाकिटावर जातीचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

तपासून पाहा: निवडलेल्या जातीचं ब्लेड किमान दोन ठिकाणी मिळतं का? एकाच ठिकाणी मिळत असेल तर वस्तरा कितीही चांगला असो, सहा महिन्यांनी तो ब्लेडविना पडून राहू शकतो.

टप्पा ३: ब्लेड किती बाहेर येतं आणि टोक कसं आहे ते बघा

ब्लेड धरणाऱ्या भागाला आपण तोंड म्हणू. तोंडाच्या कडेबाहेर धारेची जी पट्टी दिसते ती जितकी रुंद, तितका वस्तरा बिनधास्त कापतो आणि तितकाच चूक माफ करत नाही. पट्टी बारीक असेल तर तोंडाची कड त्वचेवर टेकते आणि कोन आपोआप थोडा सांभाळला जातो.

पहिल्या वस्तऱ्यासाठी बारीक पट्टी आणि गोलसर कडा निवडा. फेदरच्या 'एसएस' या प्रकाराला नवखे लोक पसंती देतात ते याच कारणाने: त्याचं तोंड गोलसर आहे आणि ब्लेड थोडंच उघडं राहतं. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तोंड जाड असलं की नाकाखाली जागा कमी पडते, आणि मिशीची रेघ काढताना धार नेमकी कुठे आहे ते दिसत नाही. कोरीव कामासाठी बारीक तोंडाचा वस्तराच लागतो.

आता टोक. चौकोनी टोकाचा वस्तरा कोपऱ्यात नीट जातो, पण गालावरून जबड्यावर वळताना त्याचा कोपरा त्वचेत रुततो. गोल टोक सुरक्षित. अर्ध्या दुधारी ब्लेडच्या वस्तऱ्यात आणखी एक गोष्ट बघा: ब्लेडची दोन्ही टोकं धातूखाली झाकली जातात का? ब्लेडचा कोपरा धातूच्या बाहेर नखाएवढाही डोकावत असेल तर तो वस्तरा घेऊ नका. चित्रात हे दिसतं, फक्त चित्र मोठं करून टोकापाशी बघायला हवं. मूठ बघण्यात वेळ घालवणारे नेमकं इथेच बघत नाहीत.

सावधान: कंगव्यासारखे दात असलेला संरक्षक लावलेला वस्तरा केस विरळ करण्यासाठी असतो. दिसायला सारखाच, पण दाढीसाठी नाही.

टप्पा ४: ब्लेड बसवायची रीत

तीन रीती सर्रास दिसतात.

सरकवायची रीत: ब्लेड एका पट्टीत घालून ती पट्टी तोंडात सरकवतात. जर्मनीतल्या डोवो कंपनीचा 'शेव्हेट' हा या घराण्यातला ओळखीचा नमुना. निरनिराळ्या ब्लेडसाठी वेगवेगळ्या रंगांच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. वजनाला हलका, धुवायला सोपा. पण पट्टी झिजली किंवा हरवली की वस्तरा निकामी, म्हणून सुटी पट्टी मिळते का ते आधी विचारा.

उघडायची रीत: तोंडाची एक बाजू दारासारखी उघडते, ब्लेड ठेवायचं, बंद करायचं आणि खटका अडकवायचा. पार्कर कंपनीच्या अर्ध्या ब्लेडच्या काही वस्तऱ्यांत ही सोय आहे. ब्लेड सगळ्या लांबीवर दाबलं जातं, त्यामुळे थरथर कमी. अर्ध्या दुधारी ब्लेडसाठी मला हीच रीत सर्वांत पटते.

खाचेत ढकलायची रीत: आर्टिस्ट क्लबच्या वस्तऱ्यांत ब्लेड डबीतून थेट तोंडाच्या खाचेत जातं. धारेला बोट लागत नाही, आणि ब्लेड वाकडं बसण्याची शक्यताही कमी.

तपासून पाहा: वस्तरा हातात घेऊन बघता येत असेल तर तोंड दहा वेळा उघडा-मिटा. खटका प्रत्येक वेळी सारखाच आवाज करून बसतो का? दर वेळी वेगळा जोर लागत असेल तर तो वस्तरा बाजूला ठेवा. ओल्या, साबणाच्या हाताने हेच काम करायचं आहे, हे लक्षात ठेवा.

टप्पा ५: वजन, खिळा, मूठ

हे सर्वांत शेवटी, आणि थोडक्यात.

अगदी हलका वस्तरा हातात असला की माणूस नकळत दाबतो. तोंडाकडे थोडं वजन असलेला वस्तरा स्वतःच्या भाराने चालतो आणि दाबायची सवय लागत नाही. धातूचं तोंड आणि मध्यम वजन असलेला घ्या. मूठ ओल्या हातात घसरायला नको. चकचकीत पॉलिश केलेला धातू दिसतो छान, पण साबण लागला की निसटतो.

घडीच्या वस्तऱ्यात खिळा, म्हणजे मूठ आणि दांडा (तोंडामागचा धातूचा भाग) जोडणारा सांधा, इतका घट्ट हवा की वस्तरा अर्धवट उघडून धरला तर आपोआप मिटणार नाही. मिटल्यावर धार मुठीच्या बरोबर मधे यायला हवी, कडेला घासता कामा नये. जपानी धाटणीचा न मिटणारा, सरळ वस्तरा यातून सुटतो आणि नवख्या हाताला सांभाळायलाही सोपा जातो, फक्त ठेवायला झाकण लागतं.

डावखुऱ्यांनी वेगळं काही शोधायला नको. हे वस्तरे बहुधा दोन्ही बाजूंनी सारखेच असतात.

टप्पा ६: घरी आल्यावर, ब्लेड लावण्याआधी

वस्तरा कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा. कारखान्यातलं तेल खाचेत राहिलेलं असतं. पुसून उजेडात धरा. तोंडाच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर आहेत का? मधे फट एकीकडे रुंद, एकीकडे अरुंद दिसते का? कडेवर बोट हळूच फिरवा, धातूचा खरबरीतपणा लागतो का? यातलं काहीही आढळलं तर वस्तरा परत करा. ब्लेड लावून एकदा वापरलात की परत घेणं बहुतेक विक्रेते नाकारतात, म्हणून ही तपासणी आधीच करायची.

आता ब्लेड न लावता, फेस लावून, आरशासमोर पूर्ण दाढी करून बघा. धरायची पद्धत अशी: तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका दांड्याच्या वरच्या बाजूला, करंगळी खिळ्यामागे निघालेल्या शेपटावर, अंगठा खालून. मूठ वर उभी राहते. दुसऱ्या हाताने त्वचा ताणा. उजव्या हाताने डावा गाल करताना कोपर कुठे जातं, हात डोळ्यांसमोर येतो का, जबड्याखाली मनगट किती वळतं, हे सगळं इथेच कळतं. हात अवघडत असेल तर पकड बदला आणि पुन्हा करा. हे दोन-तीन दिवस करा. कंटाळवाणं वाटेल, तरी करा.

टप्पा ७: ब्लेड बसवणं

हात कोरडे हवेत. टेबलावर जाडसर टॉवेल पसरून त्यावर काम करा. बेसिनवर नको, तिथे निसटलेलं ब्लेड पकडायला हात आपोआप पुढे जातो. पडणारं ब्लेड कधीही झेलू नका.

दुधारी ब्लेड असेल तर त्याचं आतलं कागदी वेष्टण काढू नका. वेष्टणासकट, लांबीच्या रेषेत, दोन्ही धारा एकमेकींकडे येतील असं दुमडा. कट्‌ असा आवाज होऊन ते मधोमध तुटतं. मग एक अर्धा भाग आखूड, धार नसलेल्या टोकांना धरून उचला आणि बसवा. दुसरा कागदातच गुंडाळून पुढच्या वेळेसाठी ठेवा. कात्रीने कापायला जाऊ नका, ब्लेड वाकतं.

आर्टिस्ट क्लब असेल तर डबीचं तोंड वस्तऱ्याच्या खाचेला भिडवा आणि ब्लेड पूर्ण आत जाईपर्यंत ढकला. अर्धवट गेलेलं ब्लेड बोटाने रेटायचं नाही. बाहेर काढून पुन्हा घाला.

तपासून पाहा: वस्तरा डोळ्यांच्या पातळीवर, खिडकीच्या उजेडासमोर धरा आणि धारेच्या रेषेत बघा. टोकापासून दांड्यापर्यंत धारेची पट्टी सारख्या रुंदीची दिसायला हवी. एका टोकाला केसभर जरी जास्त बाहेर आली असेल तर ब्लेड वाकडं बसलंय. मग धार ओल्या कापसावरून अगदी हलकी ओढा. कापूस एखाद्या जागी अडकून तंतू निघत असतील तर तिथे धार दुमडलेली किंवा चिरलेली आहे. ते ब्लेड टाकून द्या.

ज्या जखमांचं खापर वस्तऱ्यावर फुटतं त्यांतल्या बऱ्याच या एका तपासणीने टळतात. त्याला अर्धं मिनिट लागतं, ते द्या.

टप्पा ८: चाचणीच्या दाढ्या

पहिल्या आठवड्यात फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने करायचे, बाकी चेहरा नेहमीच्या रेझरने. दुसऱ्या आठवड्यात गळा जोडा. जबड्याची कड, हनुवटी आणि वरचा ओठ शेवटी.

1. अंघोळीनंतर दाढी करा, किंवा कोमट ओला टॉवेल दोन मिनिटं चेहऱ्यावर ठेवा. भिजलेला केस कमी जोरात कापला जातो.
2. फेस ओलसर आणि पातळ ठेवा. जाड, कोरडा फेस धार झाकतो आणि वस्तऱ्याला अडवतो.
3. वस्तऱ्याची पाठ गालाला टेकवा, मग धार त्वचेवर राहू देऊन पाठ साधारण 30 अंश उचला. आवाज ऐका. बारीक, सारखी खरखर आली तर कोन बरोबर. केस न कापता वस्तरा नुसता सरकला तर पाठ थोडी वर घ्या. खरवडल्यासारखं वाटलं तर खाली आणा.
4. त्वचा ताणा. कल्ल्याजवळ वरच्या बाजूला ओढा, जबड्याजवळ मान वळवून ताण द्या. सैल त्वचेवर कोणताही वस्तरा चांगला चालत नाही.
5. दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात मारा, पहिल्या टप्प्यातल्या बाणांच्या दिशेने.
6. जोर लावायचा नाही. केस कापला जात नसेल तर कोन, ताण किंवा ब्लेड तपासा.

सावधान: वस्तरा धारेच्या लांबीच्या दिशेने, करवत चालवल्यासारखा, कधीही सरकवू नका. अशा वेळी तो केस सोडून त्वचा चिरतो, आणि चीर खोल जाते. वस्तरा चेहऱ्यावर टेकलेला असताना बोलणं, मान वळवणं, फोनकडे बघणं वर्ज्य. हात थांबवायचा असेल तर आधी धार त्वचेवरून उचला.

उलटी दाढी पहिल्या महिन्यात करू नका. गुळगुळीतपणा हवा असेल तर पुन्हा फेस लावून वस्तरा दुसऱ्यांदा केसांना आडवा फिरवा.

दाढी झाल्यावर थंड पाण्याने चेहरा धुवा आणि ओली तुरटी फिरवा. जिथे झोंबते तिथे त्वचा जास्त खरवडली गेली. गालावर काही नाही आणि गळ्यावर झोंबतं, तर गळ्यावर कोन किंवा दिशा चुकतेय. सगळीकडे सारखंच झोंबत असेल तर दाब जास्त आहे, किंवा ब्लेड तुमच्या त्वचेला सोसत नाही. ही नोंद बाणांच्या कागदावरच करून ठेवा.

टप्पा ९: वस्तरा ठेवायचा की बदलायचा

तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. साबण तोच, दाढी तितक्याच दिवसांची, गाल तोच. नवा वस्तरा, नवं ब्लेड आणि नवा साबण एकाच दिवशी वापरले तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. आधी ब्लेड बदला, कारण ते स्वस्तात बदलता येतं आणि बऱ्याचदा दुखणं तिथेच असतं. एकाच जातीची निदान दोन-तीन ब्लेड वापरून बघितल्याशिवाय वस्तरा बाद करू नका.

लक्षणांवरून साधारण असा अंदाज बांधता येतो:

- पहिल्या हातापासूनच केस ओढले जातात: ब्लेड बोथट आहे, किंवा अर्धं ब्लेड पकडीत थरथरतंय. नवं ब्लेड लावूनही तसंच झालं तर पकड कमकुवत आहे. उघडायच्या रीतीचा वस्तरा किंवा आर्टिस्ट क्लब जात बघा.
- बारीक, टोकदार चिरा, नेहमी जबड्याच्या वळणावर: ब्लेडचा कोपरा लागतोय. टोक झाकलेला, गोल तोंडाचा वस्तरा हवा.
- चिरा नाहीत, पण लाली आणि जळजळ: कोन उभा आहे किंवा दाब जास्त आहे. इथे वस्तरा बदलून काही होणार नाही.
- नाकाखाली केस राहतात: तोंड जाड आहे. तेवढी जागा नेहमीच्या रेझरने करा, किंवा कडा कोरायला बारीक तोंडाचा दुसरा वस्तरा ठेवा.
- तिसऱ्या-चौथ्या दाढीपासून अचानक त्रास: ब्लेड संपलं. अर्धं दुधारी ब्लेड लवकर संपतं, राठ दाढीवर तर आणखीच. त्याला चामड्याच्या पट्ट्यावर धार लावायचा खटाटोप करू नका, नवं लावा.

महिनाभर सगळं नीट पाळूनही गालावर, म्हणजे चेहऱ्याच्या सर्वांत सोप्या जागी, दाढी सुखाची होत नसेल तर दुसऱ्या जातीकडे वळा. गाल छान होतो आणि हनुवटी अवघड जाते, तर वस्तरा ठेवा. तो हाताच्या सवयीचा भाग आहे आणि वेळेनेच जमेल.

देखभाल आणि टाकणं

प्रत्येक दाढीनंतर ब्लेड काढून तोंड धुवा, फटीतला साबण जुन्या मऊ टूथब्रशने काढा, दोन्ही पूर्ण कोरडे करा. ब्लेड पुसताना कापड पाठीकडून धारेकडे न्या, धारेच्या लांबीने नको. वस्तरा उघडा ठेवून वाळवा, ओला असताना मिटू नका. गंज खिळ्यापाशी आधी धरतो.

वस्तरा कुणाबरोबर वाटून वापरावाच लागला तर प्रत्येकाला नवं ब्लेड आणि तोंड निर्जंतुक केलेलं हवं. हिपॅटायटिस बी आणि सीसारखे आजार रक्ताच्या न दिसणाऱ्या अंशातूनही पसरू शकतात. विमानप्रवासात वस्तरा आणि ब्लेड हातातल्या बॅगेत चालत नाहीत, सामानात द्यायच्या बॅगेत ठेवा.

वापरलेली ब्लेड उघडी कचऱ्यात टाकू नका. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्याला ब्लेड जाईल एवढी फट पाडा आणि त्यात टाकत राहा. डबा भरला की फट चिकटपट्टीने बंद करून वर ठळक अक्षरात 'ब्लेड' असं लिहा आणि मगच कचऱ्यात द्या, म्हणजे कचरा हाताळणाऱ्याचा हात कापणार नाही.